तीन नंबरचं कुंकू

मी माझ्या काकूचं कुंकू पुसलं. हाताने नाही, चिठ्ठी लिहून. खाली सही करून आणि तारीख टाकून.

काका जाऊन तेव्हा तीन वर्षं होत आली होती. कपाळावरचं कुंकू काकूने रीतीप्रमाणे केव्हाच पुसलेलं होतं. उरलं होतं ते एका फोटोतलं. तेवढं माझ्या वाट्याला आलं.

मध्यभारताचे ते दिवस. नव्या राज्याची कचेरी अर्धं वर्ष इंदूरला आणि अर्धं वर्ष ग्वाल्हेरला असायची. फायली, टेबलं, शाईच्या बाटल्या आणि कारकून, सगळं गाडीत भरून इकडून तिकडे जायचं. त्या सामानात मी नुकताच दाखल झालेला सर्वांत हलका डाग. आमच्या मोठ्या बाबूंनी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट माझ्या टाळक्यात ठोकून बसवली होती: तक्ता कसलाही असो, माहिती आजच्या तारखेची हवी. मागच्या साली कोण हयात होतं आणि कोण कुठल्या जागेवर होतं, हे सरकारला ऐकायचं नसतं. मी हे वाक्य इतकं मनावर घेतलं की घरी आईने "भाजीला मीठ आहे का बघ" म्हटलं तरी आजच्या तारखेला आहे, असं सांगायचो. या माजातूनच पुढचं सगळं झालं.

घरात काकांचा एकच फोटो होता. मी आठ वर्षांचा असताना तोपखान्यातल्या एका स्टुडिओत काढलेला. मागे दादा, म्हणजे माझे वडील, आणि आई उभे. पुढे खुर्च्यांवर काका आणि काकू. खाली सतरंजीवर मी. काका संस्थानच्या रिसाल्यात होते, म्हणून धाकटे असूनही त्या दिवशी खुर्चीचा मान त्यांना. फोटोवाल्याने काळ्या कापडात डोकं घालण्याआधी "हिलना मत" असं मला एकट्याला बजावलं, आणि मी नेमका हललो. त्यामुळे त्या फोटोत चार माणसं आहेत आणि एक दोन नाकांचा मुलगा आहे.

तो स्टुडिओ पुढे बंद पडला. तिथल्या काचेच्या निगेटिव्ह धुऊन घासून फ्रेमवाल्यांनी नेल्या. आमच्या घराण्याची काच आज कुणाच्या तरी देव्हाऱ्यात तसबिरीवर बसली असेल. म्हणजे आमच्याकडे होती ती एकच प्रत. तिला काही झालं असतं तर काका दुसऱ्यांदा गेले असते.

संस्थान विलीन झालं त्याच साली काका तापाने गेले. दादा संस्थानच्या दफ्तरात होते. दोन्हींचं सुतक ते एकत्रच पाळत होते. तिसऱ्या श्राद्धाला काकांचा फोटो बैठकीत लावायचा असं त्यांनी ठरवलं, आणि माझा पहिला पगार नुकताच झाला असल्यामुळे मी तोंड उघडलं. म्हटलं, लावायचाच तर रंगीत लावू.

रंगीत फोटो तेव्हा रंगीत निघत नसे. निघायचा काळाच. मग तो पेंटरकडे न्यायचा, आणि तो कापसाच्या बोळ्याने, बारीक कुंचल्याने त्यावर रंग चढवायचा. इंदुरात ज्याच्या घरी असा फोटो त्याची ऐट निराळी. दादांना ते पसंत नव्हतं. रंग देवाला आणि जिवंत माणसाला. गेलेला माणूस काळा-पांढराच शोभतो, असं त्यांचं म्हणणं. आई म्हणाली, पेंटर सगळ्यांना गोरं करतात, तर करू द्या की एकदाचं. मग काकांच्या साफ्याचा रंग कोणता यावरून वाद निघाला आणि तो जेवणापर्यंत पुरला. दादा म्हणत, रिसाल्याचा साफा लाल. आईला तो केशरी आठवत होता. मला काहीच आठवत नव्हतं, तरी मी दोन्ही बाजूंनी बोललो.

काकू कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. तिला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही ठरवाल ते." पण ताटातला तिचा हात थांबला होता. मी ते पाहिलं, आणि पाहून मला काडीचं कळलं नाही.

शेवटी दादा म्हणाले, "कर. पण साफा लाल."

गुरुवारी कचेरी सुटल्यावर मी राजवाड्यामागच्या गल्लीत पेंटरकडे गेलो. हा पिकल्या दाढीचा माणूस पूर्वी महूच्या छावणीत पलटणींचे फोटो रंगवायचा. एकेका फोटोत शंभर शंभर बटणं सोनेरी करून त्याचे डोळे बारीक झाले होते. त्याने आमचा फोटो खिडकीशी नेऊन पाहिला, वर पातळ कागद ठेवला आणि पेन्सिलीने माणसांना नंबर दिले. दादा एक, आई दोन, काकू तीन, काका चार, मी पाच. मग माझ्यापुढे परची सरकवली. हर एक नंबरासमोर कपड्याचा रंग, दागिने, कपाळ, सगळं लिहायचं आणि खाली दस्तखत करायचा. त्याचं कारणही त्याने सांगितलं: लोक नंतर भांडतात.

परची म्हणजे तक्ताच की. माझ्या अंगात मोठे बाबू संचारले. एक नंबर: कोट काळा. चार नंबर: साफा लाल, आणि कंसात स्वर्गवासी. तीन नंबरशी मी जरा थांबलो, आणि तेवढाच काय तो विचार केला, तोही चुकीचा. मग सुरेख वळणदार अक्षरात लिहिलं: विधवा. पांढरे लुगडे. कुंकू नाही.

पेंटरने ते वाचलं. मग फोटो पाहिला. मग मला पाहिलं.

"फोटो में तो बिंदी है, भिया."

"आज नहीं है," मी म्हणालो. इतक्या रुबाबात म्हणालो की त्याने पुढे विचारलं नाही.

घरी आलो तेव्हा फार खुशीत होतो. कुणी सांगितलेलं नसताना केवढं शहाणपण केलं! दादांना चार लोकांपुढे अवघडल्यासारखं होऊ नये, काकूलाही होऊ नये, सगळं आपल्यालाच सुचलं. हात-पाय धुतले, पाटावर बसलो. काकू पाण्याचं भांडं घेऊन आली. ठेवून गेली नाही. उभी राहिली.

"लुगडं डाळिंबी होतं," ती हळूच म्हणाली. "तुझ्या ध्यानात नसेल, तू लहान होतास. सांगितलंस ना त्याला?"

मी पाण्याचं भांडं तोंडाला लावलं.

"आणि कुंकू जरा मोठं असे माझं. ह्यांना मोठं आवडायचं. काळ्या फोटोत ते काय, माशी बसल्यासारखं दिसतं." आणि ती हसली. तीन वर्षांत ती हसलेली मी पाहिलीच नव्हती, आणि पाहिली ती त्या घडीला. "तेवढं एकदा लाल बघायचंय रे."

"सांगितलं," मी म्हणालो. "डाळिंबी सांगितलं. कुंकू मोठं सांगितलं."

एक सही चुकीची, त्यावर ही दुसरी, तोंडी आणि खोटी. आईने ताटात काय वाढलं ते मला आजही सांगता येणार नाही.

शुक्रवारी सकाळी कचेरी उघडायच्या आत गल्लीत पोचलो, तर दुकानाला कुलूप. समोर पोहे-जलेबीचा ठेला. ठेलेवाला जलेबी तळता तळता म्हणाला, पेंटरसाब तो महू गये, पेटी लेके. काम रोज संगेच नेतात, रस्त्यात पण बसतात करत. कधी येतील? "आ जायेंगे, भिया. आज, कल, परसों." आणि रविवारी संध्याकाळी आमची कचेरी ग्वाल्हेरला निघणार होती. मी गेलो असतो तर मधल्या सहा महिन्यांत तो फोटो माझ्या अक्षराप्रमाणे रंगून, फ्रेम होऊन भिंतीवर चढला असता, आणि काकूने तो पाहिला असता.

मी एका ओळखीच्याबरोबर कचेरीत पोटदुखीचा अर्ज पाठवला. दोन दिवसांत ही माझी तिसरी सही. आणि महूची मोटार धरली.

महूत पेंटरला शोधणं म्हणजे काय, हे तिथे पोचल्यावर समजलं. छावणीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने माझं नाव, गाव, काम विचारलं. काम काय सांगणार? एका बाईच्या कपाळासाठी आलो आहे, म्हणालो. त्याने मला सावलीत उभं केलं आणि बराच वेळ नुसतं पाहिलं. तिथून एका मेसमध्ये, मेसमधून एका शिंप्याकडे, शिंप्याने बाजारात धाडलं. बाजारात कळलं की म्हातारा फोटो पोचवून स्टेशनकडे गेला. मी धावलो. कारकुनाला धावताना पाहून दोन कुत्री माझ्याबरोबर धावली.

तो फलाटावरच्या बाकावर बसला होता. मांडीवर पत्र्याची पेटी, पेटीच्या झाकणावर आमचा फोटो, हातात काहीतरी बारीक. मी लांबूनच "रुको" म्हणालो आणि जवळ जाऊन धापा टाकत नुसता तीन नंबरकडे बोट दाखवत राहिलो.

"माथा तो हो गया," तो शांतपणे म्हणाला. "मैं पहले माथा ही करता हूँ."

त्याच्या हातात ब्लेडचा तुकडा होता. त्याने फोटो माझ्यासमोर धरला. काका तसेच होते, साफ्यात, छाती काढून. शेजारी काकू, मान ताठ, तिशीच्या आतली. आणि तिच्या कपाळावर मुगाएवढी पांढरी जागा. काळा ठिपका त्याने सफाईने खरवडून काढला होता. कागदाची सालटी निघून आतला लगदा दिसत होता.

मी म्हटलं, परत लावा. आत्ताच्या आत्ता, लाल, मोठं.

त्याने मान हलवली. कागदाची चमडी उतरली आहे, तो म्हणाला. गीला रंग ठेवला तर फैलेगा, भुवईत जाईल, नाकावर उतरेल. एकदाच लावता येईल, आणि बिघडलं तर माताजींचा चेहरा गेला. मग ब्लेड कागदात गुंडाळत म्हणाला, "और लगाऊँ किसके कहने से? मिटाया तुम्हारे दस्तखत पे. लगेगा उनके कहने पे."

मी दुसरी परची लिहून द्यायला निघालो. खिशातून पेनही काढलं.

"तुम्हारी परची अब नहीं चलेगी, भिया," तो म्हणाला आणि गाडी आली.

इंदूरपर्यंत आम्ही समोरासमोर बसून आलो. पेटी त्याच्या मांडीवर. मी खिडकीबाहेर पाहत काकूला सांगायची वाक्यं जुळवत होतो. प्रत्येक वाक्य "वस्तुस्थिती अशी की" असं सुरू व्हायचं आणि तिथेच संपायचं. त्या दिवशी घरी मी काही बोललो नाही. काकूने एकदाच विचारलं, "कधी मिळणार?" मी म्हणालो, "उद्या तोच येतोय."

शनिवारी सकाळी पेंटर आला. दादांनी त्याला बैठकीत सतरंजीवर बसवलं. आई दाराशी, तिच्यामागे काकू. मी स्टुडिओतल्या काचा फ्रेमवाल्यांनी कशा नेल्या इथपासून सुरुवात केली. दादा म्हणाले, मुद्द्यावर ये. मग मी म्हणालो की तीन नंबरच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे. पेंटरने फोटो आणि परची सतरंजीवर ठेवली.

काकू पुढे आली. वाकून पाहिलं. तिला वाचता येत होतं, तिने परचीही वाचली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "डाळिंबी सांगितलं म्हणालास."

एवढंच. मी तिथे उभा होतो, पण मला कुणी विचारलं असतं तर मी नव्हतो म्हणून सांगितलं असतं.

दादांनी परची उचलली, चष्मा लावून दोनदा वाचली. ते मला फाडून खातील असं मला वाटलं होतं. त्याऐवजी त्यांनी माझीच बाजू घेतली.

"यात खोटं काही नाही," दादा म्हणाले. "सही आहे, तारीख आहे. पुसलं गेलं ते गेलं. आता मुद्दाम लावायचं आणि श्राद्धाच्या दिवशी, भटजींसमोर, भिंतीवर टांगायचं? चार लोक विचारतील, विधवेला कुंकू कसं. राहू दे असंच."

आमच्या घरात काकू दादांशी थेट बोलत नसे. थोरला दीर, काही सांगायचंच असलं तर आईमार्फत, तेही दाराआडून. त्या दिवशी ती दारातून पुढे आलेली होती, ती मागे गेली नाही. बोलली आईशी, पण पाहत होती दादांकडे.

"जाऊबाई, भाऊजींना सांगा, ह्या फोटोत मी विधवा नाही. माझा नवरा शेजारी बसलाय."

आईने निरोप सांगितला नाही, सांगायची गरजच नव्हती. ती आत गेली आणि आपली फणेरपेटी घेऊन आली. आरसा लावलेली, आत करंडा आणि मेणाची डबी असलेली ती पेटी तिने काकूपुढे ठेवली आणि झाकण उघडलं. तीन वर्षांत काकूने करंड्याला हात लावला नव्हता. बायका हळदीकुंकवाला आल्या की ती स्वयंपाकघरात जाऊन बसे.

पेंटरला अंदाज आला. तो चपापून म्हणाला, "माताजी, कागज नंगा है. फैल जायेगा."

"ओलं कशाला लावायचं?" काकू म्हणाली आणि खाली बसली.

काडेपेटीतली एक काडी घेऊन तिने तिचं टोक दाताने बारीक केलं. डबीतून कणभर मेण उचललं आणि फोटोतल्या त्या मुगाएवढ्या जागेवर टेकवलं, दाबलं, गोल केलं. आमच्या बायका रोज सकाळी हेच करत आल्या. आधी मेण, मग त्यावर कोरडं कुंकू. मेण नसलं तर कुंकू घामाने उतरतं. काकूचा हात ते विसरला नव्हता. मग तिने करंड्यात काडी बुडवली. दादांचा हात वर उचलला गेला होता, अर्ध्यावरच. काडीवरून एक दाणा निसटला आणि फोटोतल्या काकांच्या खांद्यावर पडला. पेंटर "अरे" म्हणून पुढे झाला. काकूने वाकून अलगद फुंकर घातली, दाणा उडाला, मागे काही राहिलं नाही. दुसऱ्या वेळी तिने काडी नेमकी मेणावर ठेवली, जरा दाबली आणि उचलली.

मोठं होतं. लाल होतं. पसरलं नाही.

ती त्याकडे बघत बसली. मग काडीचं टोक पदराला पुसलं, आणि पदर पांढरा असल्याने त्यावर लाल रेघ उठली, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"सूखा," पेंटर पुटपुटला. "मोम पे सूखा. अपने को ये किसी ने नहीं बताया."

दादा उठून आत गेले. मला वाटलं, आता रागाने बाहेर निघून जातील. ते टाक आणि दौत घेऊन आले. माझी परची मांडीवरच्या वहीवर ठेवली, तीन नंबरची ओळ एका सरळ रेघेत खोडली आणि बाजूला मोडीत शेरा मारला: सदरहू मजकूर रद्द. खाली सही केली. दफ्तरातल्या माणसाला माफी मागता येत नाही, शेरा मारता येतो.

"बाकीचं तिला विचारून लिहून घ्या," ते पेंटरला म्हणाले. "याला नका विचारू."

मग काकूने रंग सांगितले, आणि पेंटरने नव्या परचीवर ते आपल्या हाताने लिहिले. लुगडं डाळिंबी, काठ हिरवे, बांगड्या हिरव्या. आईचं लुगडं निळं. आईला ते आठवून फार बरं वाटलं. साफा लाल नव्हता आणि केशरीही नव्हता. गुलाबी होता. रिसाल्याचा साफा त्या दिवशी धोब्याकडे होता आणि काका शेजाऱ्याच्या लग्नातला साफा मागून बांधून आले होते. दादांना सांगायचं नाही, असं तिला त्यांनी बजावलं होतं. हे ऐकून दादा कानापर्यंत तसेच गुलाबी झाले.

पेंटर शेवटच्या नंबरावर आला. फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"और ये पाँच नंबर? इसकी तो दो नाक हैं. कौन सा रंग दूँ?"

काकू फणेरपेटी बंद करत होती. तिने मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"त्याला काळाच राहू द्या," ती म्हणाली. "तेव्हा एक मिनिट गप्प बसला असता तर त्याचं एक नाक आलं असतं, आणि परवा एक मिनिट गप्प बसला असता तर माझं कुंकू राहिलं असतं. याच्यावर रंग वाया जाईल."